गाईला डाग एकदाच देतात

२१ फेब्रुवारी, बुधवार

उपवासकाळात एमिलवर ओरडायचं नाही असा नेम केला होता. चॉकलेट सोडण्यापेक्षा अवघड, म्हणून मुद्दाम हाच केला. पुरता आठवडाही टिकला नाही!

दुपारी जेवताना विषय मीच काढला. एक जूनला लग्नाला पन्नास वर्षं होतात. फादर एमेका म्हणालेत, मिस्सा ठेवू, सगळ्यांसमोर पुन्हा वचनं द्या, अंगठ्यांना आशीर्वाद देतो, मग हॉलमध्ये जेवण. आमच्या लेकीने, थेरेसाने पाहुण्यांची यादीसुद्धा केली आहे. आणि आमचे यजमान सूप भुरकत म्हणतात काय — "पुन्हा कशाला? गाईला डाग एकदाच देतात, बर्नी."

गाईला!

तापल्या लोखंडाने मालकाची खूण करतात, त्या गाईशी माझी तुलना! मी म्हटलं, "मग घे तुझा डाग परत, आणि दे एखाद्या गाईला!" तो टोपी घालून गुरांना चाटायच्या मिठाच्या विटा आणायला गावात निघून गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी तशीच फणफणत गोठ्यात गेले, तर २१७ नंबरची पहिलारू अडलेली. वासराचे दोन पाय बाहेर, डोकं मागे वळलेलं. एमिल अठ्ठावीस मैलांवर. मग काय, बाह्या वर केल्या, भांड्यांचा साबण कोपरापर्यंत फासला आणि हात घातला. एकीकडे 'नमो मारिया' चालू, दुसरीकडे गाईला शिव्या. चाळीस मिनिटांनी डोकं सरळ झालं, साखळी लावली, ओढलं. कालवड! काळी कुळकुळीत, शिंकत बाहेर आली. एकाहत्तराव्या वर्षी अजून जमतं म्हणायचं!

घरी येऊन हात धुतले आणि बघते तर बोट मोकळं. अंगठी नाही.

२२ फेब्रुवारी

रात्रभर डोळा नाही. आईचा नियम होता — गाईत हात घालायच्या आधी अंगठी खिळ्यावर. बाबांनी मला सातव्या वर्षी पहिलं वासरू ओढायला लावलं, तेव्हा बोटात अंगठी नव्हती तरी आईने नियम आधी शिकवला. पन्नास वर्षांत एकदाही मोडला नाही. गोठ्यातल्या नळाजवळ माझा खिळा आहे. सकाळी एमिल बाहेर पडल्यावर पळत जाऊन पाहिला. रिकामा. म्हणजे काल रागाच्या भरात अंगठी काढलीच नाही मी!

पेंढा काडी-काडी करून चाळला. वासरामागून पडते ती वार दिसली नाही. २१७ने खाल्ली. गाई खातातच.

म्हणजे अंगठी एकतर गाईच्या गर्भाशयात, नाहीतर पोटात. पोटात असेल तर संपलंच. गाईने गिळलेलं धातूचं काही बाहेर येत नाही, दुसऱ्या पोटात बसून राहतं. तारा-खिळ्यांसाठी लोहचुंबक गिळवतात, पण सोन्याला चुंबक काय करणार!

एमिलला सांगायला हवं. आज नको. काल तसं बोलल्यावर आज "अंगठी हरवली" म्हटलं तर त्याला काय वाटेल?

ता.क. — त्याने स्वतःचा कप धुतला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

संत अँथनीचे तेरा मंगळवार धरले. हरवलेलं शोधून देण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. बोटाला चिकटपट्टी लावली आहे. एमिलने विचारलं, "हाताला काय झालं?" म्हटलं, "सोललंय." तो थोडा वेळ पट्टीकडे बघत राहिला आणि बाहेर गेला. खोटं बोलले. उपवासकाळात!

स्वयंपाकघराचं जाळीचं दार नऊ वर्षं लटकत होतं. आज त्याने दुरुस्त केलं. मी सांगितलंही नव्हतं.

१ मार्च, शुक्रवार

चर्चमध्ये माशाचं जेवण. एमिलच्या बहिणीला, डोलोरेसला, सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. ती तळणीच्या कढईवर इतकी हसली की दोन मासे करपले.

"म्हणजे आता तू २१७च्या शेणात बघत फिरणार?"

"फिरतेच आहे. आठ दिवस झाले."

"शेणात सोनं शोधणारी आपल्या पॅरिशमधली तू पहिलीच गं बाई! त्यापेक्षा नवऱ्याला सांग."

"सांगेन."

"कधी?"

"सापडल्यावर."

जेवणानंतर क्रूसाची वाट होती. एमिल या भक्तीला कधी थांबत नाही, चौदा वेळा गुडघे टेकायला कंबर दुखते म्हणतो. आज थांबला. माझ्या शेजारी चौदाही वेळा टेकले. उठताना बाकाला धरून कण्हला, पण उठला.

१९ मार्च — संत जोसेफचा सण

एमिलने गावातून हाताला लावायचं मलम आणलं. गुलाबाच्या वासाचं! गाईंच्या आचळांचं मलम घरात डबाभर असताना! मी कणीक मळत होते, म्हणून हात दाखवावा लागला नाही. म्हटलं, "ठेव तिथे." तो उभाच राहिला.

"बर्नी, सगळं ठीक आहे ना?"

"न ठीक असायला काय झालंय?" मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं बहुतेक.

बिचारा! बरा वागतोय तर मीच फटकळ. संत जोसेफा, तुझ्यासारखं गप्प बसून काम करणं मला शिकव. त्यालाही जरा बोलायला शिकव.

२३ मार्च

क्लेर आज दिवसभर माझ्याकडे. थेरेसाची धाकटी, आठ वर्षांची. मे महिन्यात तिचा पहिला कम्युनियन, त्याआधी पहिली पापकबुली. त्यामुळे सध्या घरभर पापं मोजत हिंडते. कुत्र्याला "मूर्खा" म्हटलं ते किती मोठं पाप, झोपेत बहिणीला लाथ मारली तर धरायचं का, असले प्रश्न. मी कुरणात २१७च्या मागे काठीने शेण उकरत होते. तिने गाठलंच. शेवटी सांगावं लागलं. आजोबांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. आठ वर्षांच्या पोरीला शपथ घालणारी आजी! हेही पुढच्या कबुलीत.

संध्याकाळी ती आजोबांबरोबर गोठ्यात होती. परत आली तर तोंड एवढंसं.

"आजी, दोन माणसांची दोन गुपितं एकाच पोटात ठेवली तर पाप लागतं का?"

"फादरना विचार," मी म्हटलं. "आणि भात संपव."

३१ मार्च — ईस्टर

प्रभू उठला आहे! हालेलुया. हॅम, बटाटे, खसखस भरलेले कोलाचे पाव, बावीस माणसं. पट्टी बदलून नवीन लावली. एमिलने भांडी धुतली. बावीस माणसांची! थेरेसा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, डॅडना काही झालंय का? डॉक्टरकडे नेऊन आणू?" म्हटलं, उपवासकाळाचा परिणाम. "अगं, पण उपवासकाळ संपला की!"

खरंच की.

९ एप्रिल

सातवा मंगळवार पार पडला आणि काही नाही. संत अँथनी, मी घाई करत नाही, पण जून जवळ येतोय.

१३ एप्रिल

आज मोठं भांडण होता होता राहिलं. विकायच्या गाईंची एमिल निवड करत होता. म्हणाला, २१७ जाऊ दे, लाथाळ आहे. माझी अंगठी घेऊन ती बाजारात जाणार!

मी ओरडले, "ती गेली तर मीही जाते!"

एमिलचा चेहरा पांढराफटक. इतका, की मीच दचकले. हातातली वही खाली पडली, ती उचलायलाही वाकला नाही. म्हणाला, "राहू दे. दोघीही राहा. म्हातारी होऊन मरू दे तिला इथेच."

एका गाईपायी एवढं? पण जिंकले. रात्री रोझरी म्हणताना त्याचा आवाज बसलेला होता. सर्दी असावी.

२० एप्रिल

ठरवलं. अंगठी नाही तर मिस्सा नाही. फादर आशीर्वाद द्यायला हात पुढे करा म्हणणार आणि मी सगळ्या पॅरिशसमोर काय दाखवणार, चिकटपट्टी? त्यातून या अंगठीच्या आत एमिलने सोनाराकडून आमचा डाग कोरून घेतलेला. आडवा के. त्याच्या आजोबांपासून कोवार घराण्याच्या प्रत्येक गाईच्या डाव्या पुठ्ठ्यावर आहे तोच. लग्नाच्या दिवशी मी म्हटलं होतं, "एवढ्या लहान जागेत बसवला कसा?" तर म्हणाला, "तापवलं नाही, म्हणून." केवढी हसले होते मी! तिच्या बदली दुसरी अंगठी घालून देवासमोर उभी राहणार नाही.

सूप वाढताना म्हटलं, "एमिल, तू म्हणत होतास तेच बरं. तो एक जूनचा घाट नको."

तो चमचा धरून बसला. "का?"

"तूच म्हणालास ना, डाग एकदाच."

सूप गार झालं. मग म्हणाला, "मी सूट शिवायला टाकलाय, बर्नी."

सूट! जो माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नात गुरांकडचेच बूट पुसून आला होता तो! म्हटलं, "बरं मग. बघू." आणि भांड्यांकडे वळले. तर भांडी त्यानेच घेतली.

मला हवा होता तो नवरा मिळाला आणि त्याला द्यायला माझ्याकडे खोटं तेवढं आहे. फार वाईट वाटतंय. मोकळेपणी रडावं तर घर रिकामं नसतं. हल्ली एमिल सारखा आत येतो — पाणी प्यायला, चष्मा शोधायला, उगाचच.

५ मे, रविवार

क्लेरचा पहिला कम्युनियन. पांढऱ्या झग्यात, पण खाली गुरांकडचे बूट! दुसरे म्हणे लागत होते. जिभेवर प्रभू घेऊन परत आली तेव्हा चेहरा असा गंभीर, की मी हुंदका आवरला. एमिलला आवरला नाही. माझा हात धरून बसला. उजवा. डावा मी पर्सखाली ठेवला होता.

११ मे

डागणीचा दिवस. पहाटे चारला उठून दोन मोठे भाजलेले मांसाचे तुकडे, घेवडा, बटाट्याचं सॅलड, सात ॲपल पाय, दालचिनीचे रोल. शेजारीपाजारी एकतीस माणसं, घोडे, पोरं, धूर. करपलेल्या केसांचा वास अजून अंगाला आहे. दोनदा आंघोळ केली तरी. मला तो वास आवडतो, कुणाला सांगत नाही. बाबांच्या सदऱ्याला तोच असायचा.

गोठ्यात डागण्या आणायला गेले तर २१७च्या कप्प्याशेजारचा, त्या टांगायचा खिळा भिंतीवरून गायब. डागण्या खाली पेटीत. एमिल म्हणतो, सैल झाला होता, काढला. आजोबांच्या वेळचा खिळा! हातभर लांब! तो कसला सैल होतोय.

शेवटी २१७ची कालवड राहिली. नेहमी शेवटचा डाग एमिल देतो, तो मान घरच्या मालकाचा. त्याने तापलेली डागणी माझ्या हातात दिली. सगळे बघत होते.

"तू दे."

"अरे, हा तुझा मान."

"आडवा के तुझाही आहे," तो म्हणाला. मग हळू, "अजून असला तर."

अजून असला तर? मी काय पळून चाललेय? डाग नीट बसला. डोलोरेसचा मुलगा ओरडला, "मामी, मामापेक्षा सरळ!" सगळे हसले. एमिल हसला नाही.

२१ मे

तेरावा मंगळवार. मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली, २१७च्या मागे शेवटचं फिरून आले. संत अँथनी, रागावले नाही मी. तुझ्याकडे मोठी मोठी कामं असतील.

२५ मे

कबुलीला गेले. फादर एमेका नायजेरियाचे. घरी वडिलांची गुरं होती, त्यामुळे वारेचं वगैरे समजवावं लागलं नाही. सगळं सांगितलं. पट्टी, सोललेलं बोट, क्लेरची शपथ, तीन महिन्यांचं खोटं. जाळीपलीकडून दबका आवाज आला. मला वाटलं हसताहेत. खोकत होते म्हणे.

"बर्नाडीन, वचन कशाने दिलं होतं? अंगठीने?"

"तोंडाने, फादर."

"मग तोंड उघडा. शनिवारच्या आधी. तेच प्रायश्चित्त."

मी म्हटलं, पन्नास नमो मारिया द्या ना त्यापेक्षा. नाही म्हणाले.

३० मे

आज तोंड उघडलं. एमिल ओसरीवर बसून त्याची अंगठी घासत होता. दोरात अडकून बोट जाता जाता वाचलं तेव्हापासून ती खोक्यात असते. मी समोर बसले. "एमिल, मला तुला एक सांगायचंय. फेब्रुवारीपासून सांगायचंय."

त्याने हात वर केला. मोठ्या बैलाला थांबवतो तसा.

"रविवारी सांग."

"पण ते शनिवारच्या आधीच—"

"बर्नी, एवढं ऐक. शनिवारी फक्त माझ्याबरोबर उभी राहा. मग रविवारी काय असेल ते सांग. मी ऐकेन. अडवणार नाही."

डोळ्यांत पाणी होतं. एमिलच्या! मला वाटलं दुखतंय कुठेतरी. "छातीत दुखतंय का?" विचारलं. "तसंच काहीसं," म्हणाला आणि गोठ्याकडे गेला. डॉक्टरला फोन करू का? थेरेसा म्हणाली, सोमवारी नेऊ.

प्रायश्चित्त अर्धवट राहिलं. डोलोरेसकडून तिच्या सासूची अंगठी मागून आणली आहे. सैल आहे, आतून दोरा गुंडाळला. देवा, तूच बघ.

१ जून, शनिवार

पाय दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

चर्च भरलेलं. एमिल सुटात! काय देखणा दिसत होता, एकाहत्तराव्या वर्षी परवानगी असेल तर सांगते. फादर म्हणाले, अंगठ्या. मी पर्समधून डोलोरेसच्या सासूची काढते, तोवर एमिलने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालाची घडी काढली. घडीत माझी अंगठी!! माझी! आतला आडवा के मी डोळ्यांनी पाहिला.

मी फादरकडे पाहिलं. फादर छताकडे. पहिल्या बाकावर क्लेर दोन्ही हात तोंडावर दाबून बसलेली.

एमिलने हळूच विचारलं, फक्त मला ऐकू जाईल असं, "घालू?"

असं कुणी विचारतं का? मी म्हटलं, "घाल की मेल्या!" मायक्रोफोन चालू होता. सगळं चर्च हसलं. वचनं दिली. या वेळी माझ्यापेक्षा त्याचा आवाज मोठा.

नंतर जेवण, केक, दीडशे माणसं, नाच. विचारायला क्षणभर मिळाला नाही. संत अँथनी, कसं केलंस? गाय तर जिवंत आहे!

२ जून, रविवार

सकाळी विचारलं, "कुठे सापडली?"

"सापडली नाही. होती. डागण्यांच्या खिळ्यावर. बावीस फेब्रुवारीला पहाटे."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. आईचा नियम मी मोडलाच नव्हता! हाताला जो खिळा जवळ होता त्यावर अडकवली आणि विसरले.

"आदल्या दिवशी तू म्हणालीस, घे तुझा डाग परत," एमिल म्हणाला. "मला वाटलं, दिलास."

"आणि विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

आत्ता ही वही उलटी चाळतेय. कप, दार, चौदा वेळा टेकलेले गुडघे, गुलाबाचं मलम, बावीस माणसांची भांडी, सूट. मोजले तर बरोबर शंभर दिवस होतात. शंभर दिवस हा माणूस मला मागणी घालत होता, आणि मी एका गाईच्या मागे फिरत होते!

आज त्याने कप टेबलावर तसाच टाकला आणि शिट्टी वाजवत गुरांकडे गेला. मी धुतला, अंगठी न काढता.